एसी-गीझरची दुरुस्ती फसली तर काय करायचं? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळले होते. घामाने पाठीला जखमा व्हायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी आणि गार ठेवा. म्हणून दीड टनाचा एसी घेतला. पहिलं वर्ष बरं गेलं. पुढच्या दोन वर्षांत त्यात तीन वेळा गॅस भरला. दर वेळी पैसे मोजले आणि दर वेळी काही महिन्यांत खोली पुन्हा तापली. शेवटी कंपनीशी लेखी भांडले. त्या भांडणात जे कळलं ते विचारायला आता वाडीतली, बाजारातली माणसं घरी येतात. त्यांचेच प्रश्न इथे घेतले आहेत.

एसीचा गॅस दर वर्षी भरावा लागतो का?

नाही. घरच्या फ्रिजमध्ये शेवटचा गॅस कधी भरला होता ते आठवून बघा. बहुतेक घरांत उत्तर "कधीच नाही" असं येईल. एसीचंही तसंच आहे. गॅस तांब्याच्या बंद नळीत फिरतो, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि परत येतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, वापरून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. जिथून गळला ती जागा बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे भोकाच्या कळशीत पाणी ओतणं.

हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या दोन्ही वेळी कंपनीचा मुलगा आला, दाब मोजायचं गेज लावलं, "वयनी, गॅस संपलो" म्हणाला, वीस मिनिटांत सिलिंडरमधून गॅस सोडला आणि गेला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी कणकवलीच्या एका जुन्या फ्रिज मेकॅनिकला गाडीभाडं देऊन बोलावलं. त्यांनी मशीन उघडायच्या आधी माझ्याकडे वाटीभर पाणी आणि भांडी घासायचा साबण मागितला. आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या घराबाहेरच्या पेटीच्या, बाजूला जिथे तांब्याची नळी पितळी नटाने जोडलेली असते, तिथे बोटभर जागा तेलकट काळपट झाली होती आणि त्यावर खारी धूळ चिकटून बसली होती. त्यांनी फेस लावला आणि "बघा" म्हणाले. नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगत फुगत करवंदाएवढा झाला, फुटला. लगेच दुसरा आला. दोन वर्षांचे माझे पैसे तिथून जात होते आणि तीन वेळा आलेल्या माणसांपैकी एकानेही तिथे साबण लावला नव्हता.

नळीत गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरतं. त्यामुळे गळतीच्या जागी बहुतेक वेळा तेलाचा डाग पडतो. मेकॅनिक यायच्या आधी मशीन बंद करून, टॉर्च घेऊन ते जोड एकदा स्वतः बघा. डाग दिसला तर फोटो काढून ठेवा.

मग गॅसचं काम नीट कसं करतात? समोर उभं राहून काय बघायचं?

आधी फिल्टर आणि कॉइल साफ आहेत का ते बघायला सांगा. जाळी धुळीने तुंबली तरी हवा कमी येते आणि कॉइलवर बर्फ धरतो. तो बर्फ दाखवून "गॅस कमी आहे" म्हणणारे भेटतात.

गॅस खरोखर कमी असेल तर पहिलं काम गळती शोधण्याचं. पद्धत अशी की नळीत नायट्रोजन दाबाने भरतात, सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावतात आणि गेजचा काटा उतरतो का ते काही वेळ बघतात. गळती सापडली की जोड नव्याने करतात किंवा ब्रेझिंग करतात, म्हणजे ज्योतीने तापवून धातूचा डाख देतात. पुन्हा नायट्रोजन भरून तपासतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल खेचून काढतात आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरतात. किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या पत्र्यावरच्या प्लेटवर छापलेलं असतं. नळी कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर थोडा वाढीव लागतो.

व्हॅक्यूमचा टप्पा आपल्याकडे सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि आपल्याच हवेत तो सगळ्यात जास्त गरजेचा आहे. आजच्या आर-३२ आणि आर-४१०ए गॅसच्या मशीनमध्ये जे तेल असतं ते हवेतली ओल पटकन ओढून घेतं. जुलैत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, अशा हवेत नळी उघडी राहिली आणि पंप न लावता थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हटलं, तर ती ओल आतच राहते. तेल खराब होतं आणि पुढे कंप्रेसरवर येतं. व्हॅक्यूम पंप घरघर आवाज करतो आणि निदान पंधरा-वीस मिनिटं चालायला हवा. तो आवाज आलाच नाही तर विचारा.

मेकॅनिक म्हणाला, "कुठलाही गॅस चालतो." खरं आहे का?

नाही. प्लेटवर ज्याचं नाव आहे तोच भरायचा. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असायचा, त्याचा दाब नव्या गॅसपेक्षा बराच कमी आणि तेलही वेगळं. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. काही मशीनमध्ये आर-२९० असतो, तो म्हणजे शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. अशा मशीनमध्ये गॅस असताना कोणी ज्योत पेटवून ब्रेझिंग करायला लागला तर त्याला थांबवा आणि घरातल्यांना बाहेर काढा.

"समुद्राकाठी मशीन टिकतच नाही" असं सांगून कंपनी हात झटकते. यात तथ्य किती?

अर्धं तथ्य आहे. वाऱ्यातून येणारं मीठ आउटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसतं, ओल मिळाली की पाती पांढरी पडून भुगा होतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतात, त्यात खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. साध्या लोखंडी अँगलचा स्टँड चार-पाच पावसाळ्यांत पोखरतो. हे मी माझ्या आणि शेजारच्या घरांत डोळ्यांनी बघितलं आहे.

पण ही गोष्ट विकणाऱ्याला विकतानाही माहीत असते. आमच्या दुकानदाराने घर कुठे आहे ते विचारलं होतं, मशीन स्वतःच्या टेम्पोने पोचवलं होतं आणि आउटडोअर थेट समुद्राकडे तोंड करून स्वतःच्याच माणसांकडून बसवलं होतं. नंतर "खारा वारा आहे, आम्ही काय करणार" हे उत्तर मला मान्य नव्हतं आणि तुम्हीही मान्य करू नका. काही वॉरंटी कार्डांवर गंजाची जबाबदारी नाही असं बारीक अक्षरात असतं, ते घेण्याआधी वाचा. असलं तरी ढिल्या राहिलेल्या नटाची गळती गंज म्हणून खपवता येत नाही. माझ्या बाबतीत नट गंजलेला नव्हता, नीट आवळलेलाच नव्हता.

आपल्या हातात आहे तेवढं करावं: आउटडोअर आडोशाच्या भिंतीला घ्यावं, पात्यांवर गंजरोधक लेप असलेलं मशीन मागावं, स्टँड गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत. पावसाळा सोडून महिन्या-दोन महिन्यांनी मेन बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने पाती धुवावीत. बागेच्या पाइपाला अंगठा लावून जोरात मारू नका, पाती वाकतात.

"पीसीबी गेला" म्हणतात, म्हणजे मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट कार्ड. खरंच गेला का, हे आम्हाला कसं कळणार?

पूर्ण कळणार नाही, पण निम्मी फसवणूक दोन वाक्यांनी थांबते. एक, "काय तपासलंत ते मला दाखवा." दोन, "काढलेला पार्ट मला परत द्या." आपण पैसे देऊन बदललेला पार्ट आपला असतो. वॉरंटीत फुकट बदलला तर कंपनी जुना नेते, तेव्हा निदान त्याचा नंबरासकट फोटो घ्या.

मे संपताना आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात, लाइट झपकन जाते आणि येते, त्या दिवसांत खरोखर पीसीबी जातात. आउटडोअरमध्ये पाल शिरते, मुंग्या घर करतात, तेव्हाही जातात. पण तितक्याच वेळा गेलेला असतो तो कॅपॅसिटर, इन्व्हर्टर नसलेल्या साध्या मशीनमध्ये तर हमखास. तो काही शे रुपयांचा असतो आणि पीसीबी काही हजारांचा. आमच्या वाडीत एका घरात पीसीबीचा अंदाज दिला होता. दुसऱ्या मेकॅनिकने झाकण उघडलं तर सुकलेली पाल दोन तारांमध्ये अडकलेली होती, ती काढून साफ केल्यावर मशीन चालू झालं. मोठा खर्च सांगितला की दुसरं मत घ्या, एक दिवस उकाडा सोसावा लागला तरी.

काम झाल्यावर मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. द्यायचा का?

काम तपासल्याशिवाय नाही. त्या आकड्याने तुमची तक्रार कंपनीच्या दप्तरी "निवारण झाले" म्हणून बंद होते. काही वेळा मेकॅनिक दारात पाय ठेवतानाच मागतो, काही वेळा "पार्ट मागवलाय, तोवर हा कॉल बंद करूया, पार्ट आला की नवीन टाकू" असं गोड बोलून मागतो. तुम्ही दिलात की तुमचे आधीचे सगळे दिवस पुसले जातात. नव्या कॉलवर तारीख नवी पडते आणि कंपनी म्हणते, आम्ही तर दुसऱ्याच दिवशी आलो होतो. माझे दोन कॉल असेच बंद झाले होते.

मशीन अर्धा तास चालवा. इनडोअर जिथून हवा ओढतं तिथे आणि जिथून गार हवा फेकतं तिथे साधा थर्मामीटर धरा. नीट चालणाऱ्या मशीनमध्ये साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. हवा फार दमट असेल तर थोडा कमी, कारण मशीनची बरीच ताकद ओल काढण्यात जाते. ड्रेन पाइपातून पाणी बाहेर पडतंय ना तेही बघा. मग ओटीपी द्या.

"आज येतो, उद्या येतो" करत दहा दिवस गेले. काय करायचं?

दुसऱ्या मे महिन्यात आमच्याकडे अकरा दिवस कोणी फिरकलं नाही. चाकरमानी गावी आलेले, सगळीकडे एसी चालू, माणसं कमी, हे मला समजत होतं. पण रोज सकाळी "आज दुपारपर्यंत" असं सांगायचे आणि आम्ही आप्पांना ओल्या फडक्याने पुसत वाट बघायचो. बरी होत आलेली त्यांच्या कमरेवरची जखम त्या अकरा दिवसांत पुन्हा उघडली. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, "दहा दिवस जमणार नाही", तर मी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस शोधला असता. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

म्हणून: तोंडी आश्वासन आलं की पाच मिनिटांत तेच वाक्य मेसेजमध्ये लिहून पाठवा. "तक्रार क्रमांक अमुक. आज सकाळी १० वाजता आपण दुपारपर्यंत माणूस पाठवतो म्हणालात." उत्तर नाही आलं तरी चालेल, नोंद राहते. घरात आजारी माणूस, तान्हं बाळ किंवा बाळंतीण असेल तर तेही लिहा. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर सोडून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा आणि विकणाऱ्या दुकानदाराला प्रत द्या. दुकानात प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलं की तालुक्याच्या गावात अजूनही फरक पडतो.

नुसतं येऊन बघण्याचे पैसे घेतात, ते बरोबर आहे का?

वॉरंटीबाहेर हो, पण आकडा फोनवरच सांगितला पाहिजे. तीच तक्रार काही दिवसांत परत आली तर पुन्हा व्हिजिट चार्ज देऊ नका. केलेल्या कामाची हमी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या.

कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी आहे, मग पैसे कसले?

जाहिरातीत मोठ्या अक्षरात "१० वर्षं" असतं ते बहुतेक वेळा फक्त कंप्रेसरपुरतं. तो बदलताना लागणारा गॅस, मजुरी, वाहतूक यांचे पैसे मागितले जातात आणि बेरीज केली की डोळे फिरतात. संपूर्ण मशीनची वॉरंटी बहुधा एकच वर्ष असते. वार्षिक करार करतानाही विचारा, पार्ट आणि गॅस धरून आहे की नुसती साफसफाई. स्वस्त करार बहुधा साफसफाईचाच असतो.

बिल मागितलं की "जीएसटी लागेल, कशाला उगाच?" म्हणतात.

बिल घ्याच. मी पहिल्या वेळी अशीच फसले, चारशे-पाचशे रुपये वाचले म्हणून खूश झाले आणि पुढे त्या खेपेचा एक रुपयाही परत मिळाला नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. अगदीच कोरा कागद मिळाला तर त्यावर तारीख, काय केलं, किती ग्रॅम गॅस भरला, कोणता पार्ट घातला आणि सही एवढं तरी घ्या. पैसे यूपीआयने द्या.

इंटरनेटवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन केला आणि खात्यातून पैसे गेले.

ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. कंपन्यांच्या नावाने खोटे नंबर पसरवलेले असतात, ते "दहा रुपये भरून नोंदणी करा" म्हणतात किंवा मोबाइलची स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा, नाहीतर मशीनवरच्या स्टिकरचा घ्यावा.

पुराचं पाणी मशीनमध्ये गेलं होतं. चालू करून बघू का?

नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा पाणी ओसरल्यावर किती घरांत फ्रिज, एसी, गीझर नुसते अंगणात काढून ठेवलेले होते. भिजलेल्या मशीनचा मेन बंद ठेवा, तज्ज्ञाकडून सुकवून, इन्सुलेशन तपासून मगच लाइट द्या. साफ करण्याआधी चिखलासकट, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा आणि पंचनाम्यात मशीनचं नाव येऊ द्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांच्या वेळी दिवसेंदिवस लाइट नव्हती. अशी लाइट परत येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा प्लग काढून ठेवणं उत्तम.

गीझरचंही हेच का?

कोकणात खोली गरम करायचं यंत्र कोणाला लागत नाही. आपलं गरम करणारं यंत्र म्हणजे न्हाणीतला गीझर, आणि त्याची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी एसीवालाच करतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षार बसतो, टाकी आतून गंजू नये म्हणून घातलेली ॲनोड रॉड झिजते. ही रॉड वेळेवर बदलली तर टाकी वाचते, पण सर्व्हिसला येणारा तिचं नाव काढत नाही, टाकी फुटली की नवा गीझर सुचवतो. तुम्हीच विचारा. पाणी गरम होत नाही म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, वगळून तारा थेट जोडून देणारे आहेत, तसं कधीही करू देऊ नका, पाणी उकळत राहतं आणि टाकीवर दाब येतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझर बंद करा आणि अर्थिंग बघून घ्या. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, प्रत्येक घरात हवाच.

गॅस गीझर बंद न्हाणीत बसवून देणारा माणूस तुमच्या जिवाशी खेळतो आहे. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. गॅस गीझर बाहेरच्या भिंतीला, उघड्यावर लावायचा.

"तक्रार खंय करूची?"

आधी कंपनीला लेखी. दाद लागली नाही तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. ते न्यायालय नाही, कंपनीला हुकूम करू शकत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या या पायरीवर जाग्या होतात. माझी जागी झाली.

तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सिंधुदुर्गाचा ओरोसला, रत्नागिरीचा रत्नागिरीत, रायगडचा अलिबागला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर तिथे दाद मागता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लागलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र पाळा: कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार ऑनलाइनही भरता येते. आधी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, हे आपल्यासारख्या लांबच्या गावांना मोठं सोयीचं आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, पण व्यवहारात जास्त वेळ लागतो हे धरून चला.

तक्रारीत दुकानदार, मशीनची कंपनी आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही सामनेवाले करा. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागणी नेमकी लिहा: गळती काढून द्या, वाया गेलेल्या गॅसचे पैसे परत द्या, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च द्या. पत्रात राग कमी आणि तारखा जास्त असू द्या.

आमचा होमस्टे आहे. आम्ही ग्राहक धरले जाऊ का?

हा प्रश्न मालवण-तारकर्लीकडून जास्त येतो. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा कायद्यातून वगळलेली आहे, आणि समोरची बाजू हा मुद्दा पहिल्याच उत्तरात काढते. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यानेच सूट दिली आहे. दोन खोल्या नवरा-बायकोने मिळून चालवणं आणि वीस खोल्यांचं रिसॉर्ट यात फरक आहे. तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा: खोल्या किती, कोण चालवतं, दुसरं उत्पन्न आहे का. मे महिन्यात बुकिंग रद्द झालं असेल तर त्याचे मेसेज जोडा.

एसी मुंबईत घेतला, बसवला गावी. तक्रार कुठे?

तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्याने ही सोय झाली. म्हणजे आई गावी आणि मुलगा डोंबिवलीला असेल, तर ज्याच्या नावाचं बिल आहे त्याने आपल्या सोयीचं ठिकाण निवडावं.

येणाऱ्या मुलावर ओरडलं तर चालेल का?

ओरडू नका. तो बहुतेक कॉलमागे पैसे मिळणारा, दिवसाला सहा-सात घरं करणारा मुलगा असतो. मोटरसायकलवर सिलिंडर बांधून घाट चढतो. त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप नाही कारण सेंटरने दिलेला नाही. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला आलेल्या मुलाने चहा पिताना स्वतःच सांगितलं, "लीकेज शोधूक बसलो तर दीड तास जाता, त्येचे पैसे माका गावनत नाय." ते वाक्य मी तारखेसह वहीत लिहून ठेवलं आणि पुढे कंपनीला लिहिलेल्या पत्रात घातलं, त्याचं नाव न घेता. जबाबदारी त्याला तसं पाठवणाऱ्यांची आहे.

तुमचं शेवटी काय झालं?

ईमेल, मग १९१५, मग पुन्हा ईमेल. एकोणिसाव्या दिवशी वयस्कर तंत्रज्ञ नायट्रोजनचा सिलिंडर, पंप आणि वजनकाटा घेऊन आला. दोन्ही जोड नव्याने केले. पाऊण दिवस गेला. तीनपैकी दोन खेपांचे पैसे परत आले. त्यानंतरचे दोन उन्हाळे गॅस भरावा लागला नाही. त्यातला पहिला आप्पांचा शेवटचा होता, खोली गार होती.

कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा मिळेल का?

हा माझ्या पत्रावरून केला आहे. रिकाम्या जागा भरा, नको ते गाळा.

"प्रति, व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग. विषय: एसी दुरुस्तीतील कसुरीबाबत, तक्रार क्रमांक …… .

महोदय, मी दि. …… रोजी …… येथून आपला …… टनाचा एसी घेतला. मशीन क्रमांक …… . दि. ……, …… आणि …… रोजी आपल्या अधिकृत सेंटरच्या माणसाने गॅस भरला. तिन्ही वेळी गळतीची तपासणी केली नाही, व्हॅक्यूम केला नाही, गॅसचे वजन केले नाही. दि. …… रोजी साबणाच्या फेसाने तपासले असता आउटडोअरच्या जोडातून गळती दिसली. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. घरात …… वर्षांचे आजारी गृहस्थ असल्याचे दि. …… रोजी कळवूनही …… दिवस कोणी आले नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत गळती काढून, प्लेटवर दिलेल्या वजनाप्रमाणे गॅस भरून, केलेल्या कामाची लेखी हमी द्यावी आणि वाया गेलेल्या गॅसचे रु. …… परत करावेत. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

सोबत: खरेदीचे बिल, दुरुस्तीची बिले, मेसेजच्या प्रती, फोटो. प्रत: विक्रेता, सर्व्हिस सेंटर."

ईमेलने पाठवा आणि त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, तिघांनाही पाठवा. पावत्या बिलांच्याच पिशवीत ठेवा. माझी पिशवी तांदळाच्या डब्यात असते, तिथे ओल लागत नाही.